नितेशच्या मापाचे पट्टे

डोंगराच्या माथ्यावर पाणी नाही आणि मुक्काम तर करायचाच, म्हणून सानवीने सॅकमध्ये आधी पाण्याच्या बाटल्या भरल्या. सॅक तिच्या नितेशदादाची. गेल्या दिवाळीत त्याच डोंगरावरून रत्नागिरीला परत आली ती एवढी सॅकच, दादा नाही. शोधणाऱ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

दादाचे खांदे रुंद, म्हणून तिने पट्टे आपल्या मापाला आवळले. जेवून येऊन बघते तर ते पुन्हा सैल, थेट दादाच्या मापाला.

"आई, सॅकला हात लावलास?"

"मी कशाला लावू गो? मला ती बघवत नाही. तिथे जाऊन तरी काय हाती लागणार आहे?"

सानवीने पट्टे पुन्हा आवळले. टॉर्च घेऊन आली, तर पुन्हा सैल. शेवटी निघताना तिने ते तसेच ठेवले आणि सॅक पाठीला लावली.

आईने तिच्या हातावर दही ठेवलं. "येते म्हण," म्हणता म्हणता ती थांबली.

सानवीला खांद्यांवर वजनच जाणवत नव्हतं. पट्टे तिच्या खांद्यांच्या वीतभर वर, हवेतच ताणलेले होते.

आईची नजर हळूहळू वर गेली आणि नितेशच्या उंचीला येऊन थांबली.

"हिला तरी सोड रे," ती म्हणाली.