सगुणाची खरखर

सगुणाचा आवाज पार बसला, तेव्हा लेकीनं तिला जर्मनीला नेऊन प्रयोगशाळेत वाढवलेले स्वरतंतू बसवून आणले. तिथल्या यंत्राच्या मते आवाज अगदी निर्दोष झाला. घरी मात्र म्हैस पान्हवेना आणि नवराही पाहुणीशी बोलावं तसा जपून बोलू लागला.

कोल्हापूरचे आवाजाचे डॉक्टर थेट गोठ्यातच आले. "आपल्याकडं आवाज बरा झाला का, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं," म्हणत त्यांनी गळ्याला यंत्र लावून तिच्या मूळ आवाजातली जुनी खरखर थोडी थोडी वाढवली.

"चंपे, ए चंपे!" सगुणा हाका मारत राहिली. शेवटी म्हशीनं कान टवकारले आणि धार चरवीत वाजू लागली.

तेवढ्यात घरातून नवरा ओरडला, "आलीस व्हय गं?"

आठवडाभर घरातच असलेली सगुणा म्हणाली, "आले की!"