अठ्ठ्याण्णव

गेल्या वर्षीच्या फ्लूनं ठाकुर्लीतलं पोळीभाजी केंद्र महिनाभर बंद पाडलं, तेव्हापासून मालकीण विनिता शहाणी झाली. यंदा साथ येण्याआधीच तिनं मास्क आणले, ताप मोजायची गन आणली आणि भिंतीवर नियम लावला: दोघींना ताप आला की केंद्र आठवडाभर बंद. रोज दारात सगळ्याजणींचा ताप मोजून आकडा सांगायचं काम जुन्या मालनमावशींचं. काल सरस्वती पोळ्या लाटतानाच तापानं कोसळली, ती पहिली. आज विनिता स्वतःच तापानं फणफणत होती. नियम तिचाच, म्हणून तिनं कपाळ पुढे केलं. “अठ्ठ्याण्णव,” मावशी म्हणाल्या. विनितानं गन वळवून पाहिली. एकशे दोन. “आत चला, ताई. आठवडाभर घरी बसून आम्ही खायचं काय?” आत मास्कमागे एकजण खोकली, मग दुसरी, मग तिसरी. विनिता उंबऱ्यातच थिजली. या सगळ्यांचं अठ्ठ्याण्णवही मावशींनीच वाचलं होतं.