तीन मीटरची केबल

एक टीव्ही, त्याच्या पाठीला सारखी दिसणारी तीन भोकं. एक लॅपटॉप. एक रिमोट, सेल संपलेला. लेकीने कुरिअरने पाठवलेली तीन मीटरची नवी केबल. एक खुर्ची. आणि खिडकीच्या पडद्यामागे, लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी उभी केलेली एक काठी.

"अजून काळाच आहे," मास्तर म्हणाले. "सिग्नल नाही, असं लिहिलंय."

"येईल हो बाबा. आधी नीट बसा," लॅपटॉपमधून लेक म्हणाली.

मांडणी तिनेच सांगितली होती. नवी केबल टीव्हीपासून सरळ ताणायची, तिचं टोक जिथे येईल तिथे खुर्ची ठेवायची. डोळ्यांना तेवढं अंतर हवंच. मग केबल लॅपटॉपला जोडायची आणि तो भिंतीलगतच्या कपाटावर ठेवायचा, म्हणजे तिला खुर्चीही दिसेल आणि टीव्हीही.

खुर्चीतून मास्तरांना लेक तळहाताएवढी दिसत होती. गळ्यात काळी दोरी होती. ओळखपत्र असणार. म्हणजे पोरगी दवाखान्यातून आली ती तशीच बसली, जेवलीही नसेल. दिवसभर लोकांना पुन्हा चालायला शिकवायचं, हे तिचं काम. आता आणखी दूरच्या, मोठ्या दवाखान्याने तिला बोलावलं होतं. दोन वर्षं सुट्टी नाही. होकार उद्या कळवायचा होता.

"बाबांची तब्येत बघून ठरवेन," ती म्हणाली होती. तेव्हापासून मास्तर फोनवर ठणठणीत होते. मोरीत पाय घसरल्याचं त्यांनी शेजाऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. तिने जावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त जाण्याआधी एकदा तिला मोठ्या पडद्यावर, डोळे भरून बघायचं होतं. टीव्हीची कल्पना त्यांचीच.

"आता जा आणि केबल टीव्हीत घट्ट दाबून या."

मास्तर हातांवर भार देऊन उठले. गुडघ्यातून कळ गेली, पण चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही. गेले, दाबून आले, बसले.

"नाही."

"बरं. टीव्हीच्या उजव्या कडेला खाली एक बटण आहे. ते एकदा दाबा आणि या."

"हे मघाशीच सांगितलं असतंस तर एका फेरीत भागलं असतं."

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघाड कुठे होता ते कळत नाही. सातवीच्या वर्गात हे कोण शिकवायचं?"

मास्तरांना हसू आलं. "वर्गात झोपा काढायचीस तू."

"जागी असायचे. डोळे मिटून ऐकायचे. उठा आता."

दुसरी फेरी झाली. टीव्ही काळाच. मास्तर धाप लपवायला उगाच खोकले.

"दमलात?"

"मी? अगं, सकाळी बाजारातून दोन पिशव्या घेऊन आलो."

पिशव्या दुकानातल्या पोऱ्याने आणून दिल्या होत्या. विषय बदलायला त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या भांडकुदळ आजींचं काय झालं?"

"काल घरी सोडलं. उठून, तीन मीटर चालून, परत येऊन बारा सेकंदांच्या आत बसल्या. मग एकटं राहायला हरकत नाही म्हटलं. जाताना मला म्हणाल्या, तूच जरा हळू चालतेस."

"झकास बाई आहे."

"हो," लेक म्हणाली. "बाबा, आता केबल काढून शेजारच्या भोकात घाला. हे शेवटचं."

मास्तर उठायला गेले, परत बसले, पुन्हा उठले. टीव्हीपाशी पोचून भिंतीला हात टेकला. घाईत नव्हे, सहज टेकल्यासारखा. केबल बसवली. येताना मधेच थांबून सदऱ्याची बाही सारखी केली. मग खुर्ची.

टीव्ही उजळला.

आणि खोलीत लेक आली. भिंतभर. कानशिलाजवळ एक पांढरा केस होता, तो त्यांना ठाऊकच नव्हता. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण होता. डोळे मात्र लाल होते. जागरण.

"दिसतेय?"

"दिसतेस," ते म्हणाले. "मग, जातेस ना?"

"बघू."

"बघू काय त्यात? बघितलंस की मला. घोड्यासारखा फिरतोय."

ती हसली, पण हसताना खाली बघितलं. मास्तर मनातून खूश होते. आयुष्यभर पोरांच्या थापा पकडल्या. आज पहिल्यांदा स्वतः थाप मारली आणि ती पचली.

एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की चित्र चारी बाजूंनी कापलेलं आहे. वर तिचे केस अर्धेच, खाली दोरी दिसते पण तिचं टोक नाही.

"कडा जातायत गं. खोलीतल्या पंख्याचं पातं पण अर्धंच आहे."

"राहू द्या बाबा. तेवढं चालेल."

"चालेल कसं? दोन वर्षं हाच टीव्ही बघायचाय मला."

"बाबा, बसा. खरंच नको."

पण मास्तर उठलेच. जाऊन कडेचं बटण दाबून धरलं. यादी आली, तीत त्यांनी 'चित्राचा आकार' शोधला, खाली 'पूर्ण' होतं, ते निवडलं. चित्र थोडं आक्रसलं आणि चारी कडा आत आल्या. वर तिचे सगळे केस. बाजूला पंख्याची तिन्ही पाती.

खाली, दोरीच्या टोकाला, ओळखपत्र नव्हतं. थांबवलेलं स्टॉपवॉच होतं. आकडे टीव्हीवर बोटभर उंचीचे, स्वच्छ दिसत होते.

सत्तावीस पूर्णांक चार दशांश सेकंद.