एक जूनची दिपाली

“दिवाळीत झाली म्हणून तर दिपाली नाव ठेवलं, साहेब!” कौसाबाई हात जोडून सांगत होती. अंगावर हात टाकणाऱ्या शेतमालकाच्या मानेत लेकीनं खुरपं घातलं आणि तो मेला, तेव्हा तिला अठरा पुरी व्हायला पाच महिने होते. तिला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं की मोठ्यांच्या तुरुंगात, एवढंच आज ठरायचं होतं.

“नाव म्हणजे पुरावा नव्हे,” न्यायाधीश म्हणाले. “शाळेचं रजिस्टर काढा.”

निवृत्त खरमाटे गुरुजींनी पान उघडलं. जन्मतारीख एक जून. त्या पानावरच्या निम्म्या पोरांची तीच. सहा वर्षं भरल्याशिवाय पहिलीत नाव लागत नसे, म्हणून मजुरीला जाणाऱ्या आया गुरुजींचे पाय धरत. कौसाबाईनंही धरले होते. नाहीतर पोर दिवसभर बांधावर एकटी राहिली असती. आता त्या तारखेनं, खुनाच्या दिवशी, नऊ जूनला, दिपाली अठरा वर्षं आठ दिवसांची भरत होती.

“तारीख अंदाजानं टाकली होती का?” दिपालीच्या वकिलानं विचारलं.

गुरुजींनी कौसाबाईकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या पोलिसाकडे. “नोंद खरी आहे. खाली आईचा अंगठा आहे.”

व्हरांड्यात चपला घालताना ते पुटपुटले, “खोटी म्हणालो असतो तर मीच आत गेलो असतो, बाई. तेव्हा तुझ्या भल्यासाठीच लिहिलं होतं.”

कौसाबाईला ते ऐकूच गेलं नाही. तुरुंगाच्या गाडीत चढता चढता लेक मागं वळली होती.

“आये, मला मोठी करायची एवढी काय घाई होती गं?”