राखणदाराचा वाटा

टेकडी गावानं मिळून विकत घ्यायची ठरली होती. शाळेत वर्गणी गोळा होत होती. टेकडीमालकाचा राखणदारही आपला वाटा घेऊन रांगेत उभा राहिला. "वीस वर्षं आम्हाला हाकललंस, आता वाटेकरी व्हायला आलास होय?" सुतारकाका गुरकावले. राखणदार परत फिरला. "थांब," मी म्हटलं. शिंपीण आहे मी. कापड कशानं फाटतं ते मला कुणी शिकवू नये. "काका, कुंपणाच्या भोकातून आपण सगळेच चोरून सरपण आणायचो. हा ओरडायचा, पण लांबूनच. मी पहिल्यांदा शिरले तेव्हा तारेला अडकून माझी शाल टरकन फाटली. त्यानंतर कुणाचा धागासुद्धा निघाला नाही. भोकाच्या कडेच्या तारांची टोकं मागं वळवलेली असतात. ती काय आपोआप वळतात?" काकांनी त्याला रांगेत आपल्यापुढं घेतलं. राखणदार जमिनीकडे बघत पुटपुटला, "शाल फाटली त्याच संध्याकाळी पक्कड विकत आणली."