डिस्पॅचच्या मशीनचा मेल

"बाबा, खरं खरं सांगा. तुमचं पहिलं लेकरू मी, की हा सर्व्हर?"

हा प्रश्न विचारून दाखवच, अशी पैज वर्गातल्या दिव्या आणि रुपालीनं लावली होती. तनुजाला हिंमतच होणार नाही म्हणे! मागच्याच महिन्यात अख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेल्या पोरीला हिमतीचं काय सांगता? तिनं जेवणाचा डबा सर्व्हर रूममधल्या टेबलावर आदळला आणि विचारून टाकलं.

बुद्धरत्नांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "तू. पण तुझ्यापेक्षा रडतो तोच जास्त."

तनुजा खो खो हसली. तिच्यासोबत आलेली आई हसली नाही.

रविवार होता. चाकणचा तो कारखाना एरवी प्रेसच्या धडधडीनं कानठळ्या बसवायचा, आज चिडीचूप. फक्त या एका खोलीत पंखे घोंगावत होते. एसीमुळे दात वाजत होते, तरी बाबांच्या शर्टाची पाठ ओलीचिंब होती. का, ते तनुजाला माहीत होतं. शुक्रवारी स्वयंपाकघरात बाबा आईला हळूच म्हणाले होते, "रविवारी पाचपर्यंत काय होतं, त्यावर नोकरी आहे, रश्मी." आणि आई म्हणाली होती, "या वयात कोण दारात उभं करतं हो?" पलीकडच्या खोलीत तनुजाचा भूगोल जागच्या जागी थिजला होता.

भानगड अशी. कंपनीच्या मेलचा जुना सर्व्हर काढून नवा बसवायचा होता. सकाळी दहापर्यंत साडेचारशे लोकांचे मेल नव्यावर सुरूसुद्धा झाले. घोडं अडलं डिस्पॅचमधल्या एका म्हाताऱ्या मशीनपाशी. ट्रक निघाला की गिऱ्हाईक कंपनीला आपोआप मेल धाडायचा, एवढंच त्याचं काम. पण तो मेल पोचला नाही तर तिकडच्या गेटवर ट्रक आत घेत नाहीत. नवा सर्व्हर म्हणत होता, नव्या पद्धतीचं कुलूप लावलेलाच मेल घेईन. जुन्या मशीनला ते कुलूप लावताच येत नव्हतं. त्याचा प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी तर केव्हाच बंद पडलेली.

बाबांनी पुन्हा एक मेल सोडला. लाल ओळ. नाकारला.

फोन वाजला. मोहितेसाहेब. बाबांनी स्पीकर लावला.

"काय, बुद्धरत्न?"

"नाही होत, साहेब. मशीन फार जुनं आहे."

"अहो, सकाळपासून हेच ऐकतोय! पाचला मला वर कळवायचंय. नसेलच होत तर सगळं मागं फिरवा, जुनाच सर्व्हर चालू करा. पण मग माझी काय शोभा होईल, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

फोन ठेवल्यावर बाबांनी कपाळ पुसलं. तनुजानं बाबांना असं कधीच पाहिलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही, मिक्सर दुरुस्त करणारा माणूस, आणि आज एका डबड्यापुढे हात टेकून बसलाय!

"दोन घास तरी खा," आई म्हणाली.

"नको."

आई घड्याळाकडे बघत राहिली. "पाच वाजू देत एकदाचे."

साडेचार. लाल ओळ. चार पस्तीस. पुन्हा लाल. काहीतरी करायला हवं होतं, आत्ता, आत्ताच्या आत्ता! ती नखं खात त्या दोन मशीनांकडे बघत राहिली. एकाला दुसऱ्याचं कळत नाही. हे कुठंतरी पाहिलंय... कुठं बरं?

चार चाळीसला पुन्हा फोन. "बोला, बुद्धरत्न. फिरवायचं का मागं?"

"हो साहेब, मला वाटतं आता—"

"काका, थांबा! मी तनुजा, त्यांची मुलगी! एक सांगू?"

आईनं तिचं मनगट गच्च धरलं. "तनू, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

पण गाडी सुटली होती. "आमच्या शाळेत खंडूमामा शिपाई आहेत. त्यांना इंग्लिश येत नाही, प्रिन्सिपल मॅडमना मराठी समजत नाही. म्हणून शाळा बंद पडते का? मधे आमची दिव्या उभी राहते! तसा इथं मधे तिसरा कॉम्प्युटर ठेवा ना. जुन्याकडून साधा मेल घ्यायचा, कुलूप लावायचं आणि नव्याच्या हातात द्यायचा. झालं!"

साहेबांनी तिला नाही, बाबांनाच विचारलं.

"बुद्धरत्न, होईल का हो असं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. बराच वेळ. मग तनुजाकडे.

"होईल, साहेब."

"मग करा की! पोरगी हुशार आहे हो तुमची!"

बाबांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर पुढे ओढला. त्याला वायरी आधीच जोडलेल्या होत्या, ते बरंच झालं. बाबा टाइप करत गेले. एकदाही वहीत बघितलं नाही, एकदाही थांबले नाहीत. नऊ मिनिटांत डिस्पॅचच्या मशीनचा मेल गेला.

हिरवी ओळ!

तनुजानं अशी किंकाळी फोडली की बाहेरचा वॉचमन धावत आला. आईच्या डोळ्यांना धार लागली. लागणारच ना! दिवसभर जीव टांगणीला लागला होता बिचारीचा. बाबांनी साहेबांना फोनवर "झालं" एवढंच सांगितलं आणि तनुजाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आई, बाबा, ऐका!" ती खुर्चीवरच चढली. "माझं ठरलं. डॉक्टर-बिक्टर कॅन्सल! मी कॉम्प्युटरलाच जाणार, आणि नोकरी इथंच करणार, बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर!"

तेवढ्यात स्क्रीनवर मेल आला. मोहितेसाहेबांचा.

"शाबासकी! मी वाचणार!" बाबांचा हात बाजूला सारत तनुजानं घसा खाकरला आणि स्पर्धेतल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली, "'प्रिय बुद्धरत्न, अपग्रेड पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन. मागच्या महिन्यात आपलं बोलणं झाल्याप्रमाणे, शेवटचं मशीन नव्या सर्व्हरला जोडलं गेल्यामुळे यापुढचं सर्व काम बंगळूरची टीम पाहील. चाकणची सर्व्हर रूम आणि आपलं पद आजपासून...'"