सोमवारचं मौन

कुमुदताईंनी मोर्सच्या कळीवर पुन्हा टिकटिक केली. हॅम रेडिओच्या संचातून नुसती खरखर आली. वादळानं किनाऱ्यावरचे फोन बंद पाडले म्हणून त्यांचे यजमान नाना कालच आपला संच घेऊन मदतीला गेले होते. संदेशासाठी चारची वेळ ठरली होती. आता साडेपाच होत आले.

"आई, तोंडानं हाक मारून बघा ना!" सून काकुळतीनं म्हणाली.

आज सोमवार. दिवेलागणीपर्यंत मौन पाळायचा ताईंचा नेम एकतीस वर्षांचा. सोमवारी चहासुद्धा नाना कपावर चमचा वाजवून मागायचे. संसारातली निम्मी भांडणं दोघांनी टिकटिकीतच केली होती.

खरखर वाढली. ताईंनी देवाकडे बघून हात जोडले आणि माइक ओढला. "अहो, ऐकताय ना? काहीतरी बोला हो!"

मग टिकटिक आली, नानांच्याच रेंगाळत्या हाताची: "अँटेना आत्ता उभी राहिली. मी सुखरूप. सोमवारी बोलतेस?"

"बाबा काय म्हणाले?" सुनेनं दंड धरला.

डोळे पुसत ताईंनी हसून ओठांवर बोट ठेवलं, आणि दिवा लावायची खूण केली.